सेल्फ टेस्ट : पास

३० मे २०२४. नागपूरकरांना ही तारीख आठवत असेल. नवतपा चालू होता, डांबर वितळत होतं, आणि अशात बातमी येऊन धडकली : रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस!

ऑफिसच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. पुण्याच्या टीममधल्या एकीने काळजीने विचारलं, "तुम्ही लोक जिवंत आहात ना?" आमच्यातल्या एकाने लगेच उत्तर टाकलं, "हाओ, एका बाजूने भाजून झालं, आता पलटून राहिलो."

गंमत बाजूला ठेवू. भारतातला अधिकृत उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ सालचा, ५१ अंश. जगातला अधिकृत उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा, ५६.७ अंश. म्हणजे आमच्या रामदासपेठेने फलोदीला पाच अंशांनी लोळवलं होतं आणि जागतिक विक्रम फक्त ०.७ ने हुकला होता. अभिमानाने ऊर भरून यावा (आणि घामाने शर्ट) अशी परिस्थिती. पण लगेचच हवामान खात्याने खुलासा केला की आकडा चुकीचा होता, सेन्सर बिघडला होता. त्याच वेळी शहरात दुसरीकडे तापमान ४४ च्या आसपास होतं. ४४! म्हणजे नागपुरात कूलरमध्ये पाणी भरून निवांत झोपायचं तापमान. विषय संपला.

माझ्यापुरता मात्र संपला नाही. मी त्या बिचाऱ्या सेन्सरचा विचार करत बसलो. त्याने ५६ हा आकडा ज्या आत्मविश्वासाने पाठवला, त्याच आत्मविश्वासाने तो आदल्या महिन्यात ४१ पाठवत होता. आपण चुकतोय हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. तो पकडला गेला, कारण शेजारी ४४ म्हणत होते.

आणि मला आठवली सतरा-अठरा वर्षांपूर्वीची माझी पहिली नोकरी. तिथे मी एका यंत्राला "मी ठीक आहे" असं म्हणायला शिकवलं होतं. ते इतकं छान शिकलं, की ठीक नसतानाही तेच म्हणालं. ही गोष्ट बरेच दिवस लिहायची टाळत होतो. आज शनिवार आहे, कूलर चालू आहे, घरात कोणी नाही. लिहूनच टाकतो.

आधी थोडं तांत्रिक (घाबरू नका)

सिग्नल जनरेटर म्हणजे काय? ज्यांनी इंजिनिअरिंगला प्रॅक्टिकल्स केलीत (किंवा जर्नल 'केलीत') त्यांना माहीत असेल. एक डबा. त्याला सांगायचं, मला एक हजार हर्ट्झची लहर दे, एक व्होल्टची. तो देतो. गवयाला "काळी एक धर, पण हळू आवाजात" असं सांगण्यासारखंच. यात दोन गोष्टी नेमक्या हव्यात : सूर (फ्रिक्वेन्सी) आणि आवाज (लेव्हल). बाकीची सगळी उपकरणं ह्या डब्यावर विश्वास ठेवून तपासली जातात. मग ह्या डब्याला कोण तपासणार? तर बराचसा तो स्वतःच. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : सतत लक्ष ठेवणं. ह्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९३९ सालचं आहे. बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड ह्या दोघांनी पालो आल्टोच्या गॅरेजमध्ये कंपनी काढली, तिचं पहिलं उत्पादन होतं २००ए नावाचा ऑडिओ ऑसिलेटर. (त्याचाच भाऊ २००बी, त्याचे आठ नग डिस्नेने 'फँटेशिया' सिनेमाच्या कामासाठी घेतले.) ऑसिलेटरची जुनी खोड अशी, की लहर एक तर वाढत जाऊन फाटते, नाहीतर विरून जाते. ह्युलेटने काय केलं? सर्किटमध्ये एक छोटा विजेचा बल्ब टाकला. लहर मोठी झाली की बल्बची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, रोध वाढला की ॲम्प्लिफायरचा जोर कमी होतो, लहर परत जागेवर. लहान झाली की उलटं. ना प्रोसेसर, ना कोड. एक बल्ब स्वतःच्याच आवाजावर कान ठेवून बसलाय!

आजच्या जनरेटरमध्ये बल्बची जागा डिटेक्टरने घेतली आहे. बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडासा भाग तो चाखून बघतो आणि कमी-जास्त असेल तर मागे कळवतो. स्वयंपाक करताना आपण चमच्याने आमटी चाखतो तसं. सुरासाठी आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो. चांगल्या मशीनमध्ये तो एका चिमुकल्या भट्टीत ठेवतात, कारण तापमान बदललं की त्याचा सूर हलतो. भट्टी अजून तापली नसेल तर पडद्यावर तसं लिहून येतं. लेव्हल सांभाळता येत नसेल तर 'अनलेव्हल्ड', सुराची साखळी तुटली तर 'अनलॉक'. ह्या सूचना मला फार प्रामाणिक वाटतात. "मला जमत नाहीये, माझ्यावर विसंबू नका" असं सरळ सांगणारे सहकारी आपल्याला किती भेटतात?

दुसरी पायरी : सेल्फ टेस्ट. बटण दाबल्यावर मशीन मेमरी तपासतं, प्रोग्राम शाबूत आहे का ते बेरीज करून बघतं, आतल्या पाच-सात जागांची व्होल्टेज मोजतं. मग एक ठरावीक सिग्नल स्वतःच तयार करतं, स्वतःच मोजतं, आणि पडद्यावर लिहितं : पास.

तिसरी पायरी : सेल्फ कॅलिब्रेशन. समजा मागितला एक व्होल्ट आणि आतल्या मीटरवर आला ०.९९. तर ही तूट एका तक्त्यात लिहून ठेवायची, आणि पुढच्या वेळी तेवढं जास्त द्यायचं. सगळ्या फ्रिक्वेन्सींना, सगळ्या लेव्हलना हेच. तापमान बराच फरकाने बदललं तर पुन्हा. आपण चहा प्यायला जातो तेव्हा मशीन हे करत बसतं.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, झालं की! माणसाची गरजच काय?

मलाही तेच वाटलं होतं. वय चोवीस.

९६० ग्रॅमचा किलो

गोम कुठे आहे सांगतो. सिग्नल तयार करणारी चिप आणि मोजणारी चिप, दोघींनाही 'एक व्होल्ट म्हणजे किती' हे सांगणारा एक संदर्भ लागतो. त्याला व्होल्टेज रेफरन्स म्हणतात. खर्च वाचवायला बऱ्याचदा दोघींना मिळून एकच रेफरन्स देतात.

आता समजा किराणा दुकानदाराकडचं किलोचं वजन झिजून ९६० ग्रॅम झालंय. त्याने साखर तोलली. तुम्ही म्हणालात, कमी वाटते, पुन्हा तोला. त्याने त्याच वजनाने पुन्हा तोलली. काटा बरोबर मध्ये. दहा वेळा तोला, दहा वेळा बरोबर. दुकानदार लबाड नाही, तराजू चोख आहे, आणि तुम्हाला ४० ग्रॅम साखर कमी मिळालीये. रेफरन्स हलला की देणारी चिप चार टक्के कमी देते आणि मोजणारी चिपही त्याच चार टक्क्यांनी फसते. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पास!

म्हणूनच दुकानातली वजनं वजनमापे खात्याकडून तपासून शिक्का मारून आणावी लागतात. शिक्का दुकानाबाहेरचा लागतो, ह्यात सगळं आलं.

मोठमोठ्या कंपन्यांनी ह्यावर डोकं लावलंच. फ्लूक कंपनीचं ५७००ए नावाचं एक कॅलिब्रेटर १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलं. दुसऱ्या मीटरना तपासणारं यंत्र, म्हणजे परीक्षकांचा परीक्षक. व्होल्टेज, करंट, रोध, शेकडो रेंज. पूर्वी असं यंत्र जुळवायला प्रयोगशाळेत उपकरणांची रांग लागायची. ह्याला बाहेरून फक्त तीन गोष्टी दाखवायच्या : दहा व्होल्टचा एक संदर्भ, एक ओहमचा एक रोध आणि दहा हजार ओहमचा एक रोध. बाकी सगळं ते गुणोत्तरं लावून आतल्या आत जुळवतं. इतकी हुशारी! पण नीट बघा, तीन. शून्य नाही. जगातल्या अत्यंत हुशार माणसांनी ती यादी जिवाच्या आकांताने कमी करत आणली, आणि ती तिनावर थांबली.

आपल्या झिरो माइललाही हीच गोष्ट दगडात लिहिलेली आहे. घोड्यांबरोबर फोटो काढताना शेजारच्या खांबाकडे कोणी बघत नाही. तो १९०७ चा जीटीएस स्टँडर्ड बेंचमार्क आहे, सर्व्हेवाल्यांनी उंचीसाठी पक्का केलेला बिंदू. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. आता नागपूरला समुद्र कुठे आहे? शेकडो किलोमीटर कुठल्याच दिशेला नाही. तरी सीताबर्डीची उंची सांगायला समुद्रच लागतो. सीताबर्डीची उंची सीताबर्डीवरून मोजता येत नाही.

असो. आता मूळ गोष्ट.

गोष्ट

माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. नाव सांगत नाही. पंधरा-वीस माणसं, एक मजला, आणि खाली चहाची टपरी. आम्ही ऑडिओमीटर बनवायचो, म्हणजे कानाची तपासणी करणारं यंत्र. आतून तो सिग्नल जनरेटरच असतो. ५००, १०००, २०००, ४००० हर्ट्झचे शुद्ध सूर काढायचे, पाच-पाच डेसिबलच्या पायऱ्यांनी लहान-मोठे करायचे, आणि हेडफोनमधून एका वेळी एकाच कानात सोडायचे. लाल हेडफोन उजवा, निळा डावा. ऐकू आलं की समोरच्याने हात वर करायचा. बास.

ह्या यंत्राच्या नवीन मॉडेलचं सेल्फ टेस्ट आणि सेल्फ कॅलिब्रेशन मी लिहिलं. खूप मन लावून लिहिलं होतं. सुरू केलं की प्रत्येक सूर प्रत्येक पायरीवर दोन्ही चॅनेलना तयार करायचा, ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी मोजायचा, फरक असेल तर दुरुस्त करायचा, आणि दीड मिनिटात हिरव्या अक्षरात : सेल्फ टेस्ट पास. रेफरन्ससुद्धा दोन वेगळे लावून घेतले होते हो, साहेबांशी भांडून! ९६० ग्रॅमची भानगड मला तेव्हाही माहीत होती. त्यामुळे तर आत्मविश्वास जरा जास्तच होता.

२००८ च्या जानेवारीत शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका शाळेत मुलांच्या कानांच्या तपासणीचं शिबिर होतं. एक ऑडिओलॉजिस्ट मॅडम आमचं नवं मशीन वापरून बघणार होत्या. कंपनीने मला सोबत पाठवलं, काही अडलं तर बघायला. (आणि मशीनची तारीफ करायला. हे काम मी न सांगता केलं असतं.)

मॅडमची एक सवय होती. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी हेडफोन स्वतःच्या कानावर लावायचे, आणि प्रत्येक सुराला आपल्याला किती डेसिबलपासून ऐकू येतं ते एका वहीत लिहायचं. रोज. कित्येक वर्षांच्या वह्या होत्या म्हणे. त्यांचे कान त्यांना पाठ होते. आज आकडा वेगळा आला तर एक तर सर्दी झाली आहे, नाहीतर मशीन बिघडलं आहे. ह्या व्यवसायात ही रीतच आहे, ज्याचं ऐकणं माहीत आहे अशा माणसाने रोज यंत्र ऐकून बघायचं.

त्या दिवशी जीप उशिरा पोचली. शाळेच्या व्हरांड्यात पोरांची रांग लागलेली. मॅडमनी वही काढली, हेडफोन उचलले. आणि मी म्हणालो, "मॅडम, आता त्याची गरज नाही. नवीन मशीन स्वतःच सगळं तपासतं. हे बघा."

दीड मिनिट. हिरवी अक्षरं. पास.

मॅडमनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा रांगेकडे, आणि वही पिशवीत ठेवली.

हे वाक्य लिहायला मला सतरा वर्षं लागली, म्हणून सांगतो. त्यांचं चुकलं नाही. मी ठेवायला लावली.

पहिली मुलगी तिसरीतली. दोन वेण्या, लाल रिबिनी. सोबत आजी. उजवा कान फटाफट झाला. डावीकडे २५ डेसिबलला हात वर नाही. पुन्हा दिला, नाही. ३० ला हात वर. दुसऱ्या सुरालाही तेच. शिबिरात २५ ला ऐकू आलं पाहिजे असं ठरलेलं होतं. मॅडमनी कागदावर लिहिलं : डावा कान, पुढील तपासणी आवश्यक. आजीने कागद घडी करून कमरेला खोचला. "म्हनूनच पोट्टी हाक मारली का लक्ष देत नाई," म्हणाली, आणि नातीचा हात धरून घरी गेली.

दुसरा मुलगा. उजवा ठीक, डावा ३० ला.

तिसरी मुलगी. उजवा ठीक, डावा ३० ला.

मॅडम थांबल्या. "काय हो इंजिनिअर, ह्या गावातल्या पोरांचे डावेच कान खराब होतात का?"

मी काय म्हणालो असेन? मी पुन्हा सेल्फ टेस्ट लावली. दीड मिनिट. पास. मी पडद्याकडे बोट दाखवून म्हणालो, "मशीन ओके आहे मॅडम. इथे गोंगाट आहे ना, त्यामुळे असेल." गोंगाट फक्त डाव्या कानाला कसा लागतो, हा प्रश्न मला पडला नाही. हिरव्या अक्षरांसमोर प्रश्न पडत नाहीत.

मॅडमनी मला काहीच उत्तर दिलं नाही. त्यांनी तिसऱ्या मुलीच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि परत लावला. निळा उजवीकडे, लाल डावीकडे. बास, एवढंच.

आता त्या मुलीला डाव्या कानाने सगळं ऐकू येत होतं. आणि उजवा कान 'खराब' झाला होता.

पाच सेकंदांची टेस्ट. माझ्या दोन हजार ओळींच्या कोडने जे सांगितलं नाही, ते हेडफोन उलटा करून कळलं.

काय झालं होतं

निळ्या हेडफोनच्या पिनेवर गंज चढला होता. साधा गंज. हेडफोन दहा ओहमचा, आणि त्या खराब जोडात साधारण तीस ओहमचा रोध तयार झालेला. म्हणजे व्होल्टेजचा एक चतुर्थांश भाग कानापर्यंत पोचतोय, तीन चतुर्थांश त्या गंजातच जातोय. निम्मं व्होल्टेज म्हणजे सहा डेसिबल कमी, पाव म्हणजे बारा. पोरं बरोबर होती. त्यांना खरोखरच बारा डेसिबल कमी ऐकवलं जात होतं.

आणि माझी सेल्फ टेस्ट? ती ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी मोजत होती. तिथे सगळं अचूक होतं. पिन त्याच्या पुढे होती, वायर त्याच्या पुढे, हेडफोनचा पडदा त्याच्याही पुढे, आणि कान सगळ्यात शेवटी. मी आमटी पातेल्यात चाखत होतो, आणि ती ताटात पडते की नाही हे बघतच नव्हतो. सेल्फ टेस्ट खोटं बोलली नव्हती. 'माझ्या हद्दीत सगळं ठीक आहे' एवढंच ती म्हणत होती. हद्द कुठे संपते ते मात्र पडद्यावर लिहिलेलं नव्हतं. लिहिणारा मी होतो, आणि मी फक्त 'पास' लिहिलं.

पण हे सगळं नंतर समजलं. त्या क्षणी मॅडम एवढंच म्हणाल्या, "ती पहिली मुलगी."

दुसरा मुलगा वर्गातच होता. पहिली घरी गेली होती.

गुरुजींची हिरो होंडा घेऊन मी निघालो. शाळेचा शिपाई मागे बसला, रस्ता दाखवायला. वस्ती दोन-अडीच किलोमीटरवर असेल, मला वीस वाटली. पोचलो तेव्हा आजी ओट्यावर बसली होती आणि भोवती चार-पाच बाया. कागद हातोहात फिरत होता. वाचता कोणालाच येत नव्हतं, पण मजकूर सगळ्यांना पाठ झाला होता : पोट्टीचा डावा कान गेला. एक बाई म्हणत होती, आता हिचं लग्न कसं जमन. मुलगी आठ वर्षांची! ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डावा कान हाताने झाकून.

तो हात मी विसरलेलो नाही. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत त्या कानात काही बिघाड नव्हता. आत्ताही नव्हता. पण तिला आता तो लपवावासा वाटत होता.

मी सांगायला सुरुवात केली. पिन, गंज, रोध... शिपायाने मला थांबवलं आणि एका वाक्यात सांगितलं, "मावशी, मशीन बिघडली होती, पोरगी चांगली हाये. पुन्हा तपासू, चाला."

आजीने माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजे मशीनचाच कान खराब होता म्हना की."

"हो आजी."

"मंग मशीनले काऊन नाई समजलं?"

आजपर्यंत मी अनेक डिझाइन रिव्ह्यूंना बसलोय. ह्याहून चांगला प्रश्न कोणी विचारलेला नाही.

दुसरी जोडी लावून तपासणी झाली. मुलीचे दोन्ही कान उत्तम. मॅडमनी नवीन कागद लिहिला, जुना आजीकडून मागून घेतला आणि तिच्यासमोर फाडला. मग वही काढली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, आणि दुपारी साडेबाराला 'सकाळची' तपासणी केली. मी शेजारी उभा होतो. संपल्यावर त्यांनी हेडफोन माझ्यापुढे धरले. "लावा. तुमचेही कान लिहून ठेवू. रोज एकाच्या भरवशावर कशाला?"

त्यानंतर

पुढच्या आवृत्तीत आम्ही हेडफोनमध्ये जाणारा करंटही मोजायला लागलो. गंज चढला की करंट कमी होतो, मग मशीन तक्रार करतं. म्हणजे हद्द थोडी पुढे सरकली. पण हेडफोनचा पडदा ताठर झाला तर? कानाभोवतीची गादी फाटली तर? ते आतून कळत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा हेडफोन एका ठरावीक मापाच्या पोकळीवर ठेवून मायक्रोफोनने आवाज मोजावा लागतो. तो मायक्रोफोन ९४ डेसिबल देणाऱ्या एका कॅलिब्रेटरने तपासायचा, तो कॅलिब्रेटर एखाद्या प्रयोगशाळेत पाठवायचा, त्या प्रयोगशाळेने आपली उपकरणं आणखी वरच्या ठिकाणी, अशी साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. सुराचंही तसंच. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमच्या अणूवर बांधली आहे, ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. साखळीतली प्रत्येक कडी स्वतःबद्दल दुसऱ्याला विचारते.

ऑडिओमीटरचं शून्य काय असतं माहीत आहे? शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही असं नव्हे. निरोगी कानाच्या तरुण माणसांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची सरासरी म्हणजे ते शून्य. इतक्या प्रयोगशाळा फिरून शेवटी हाती काय लागतं, तर माणसांचे कान. मॅडमच्या वहीसारखेच.

आणि पडद्यावरचं वाक्य मी बदललं. 'सेल्फ टेस्ट पास' च्या खाली एक ओळ टाकली : 'हेडफोन तपासलेले नाहीत. कृपया ऐकून खात्री करा.' मार्केटिंगवाले वैतागले. म्हणाले, गिऱ्हाइकाला वाटेल मशीन अर्धवट आहे. मी म्हटलं, अर्धवटच आहे. ही ओळ राहिली. माझ्या सगळ्या करिअरमधल्या कोडपैकी मला अभिमान वाटावा अशी बहुधा ती एकच ओळ, आणि ती साधी प्रिंट स्टेटमेंट आहे.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तुमच्यापैकी बरेच जण आहात तसाच. दर मार्चमध्ये सेल्फ अप्रेझल भरतो (पाचपैकी चार, नेहमीप्रमाणे, रेफरन्स एकच असला की मार्क छान पडतात). ऑफिसात भिंतीवर मोठा डॅशबोर्ड आहे. सर्व्हर हिरवा, डेटाबेस हिरवा, सगळं हिरवं. आणि कधी कधी त्याच वेळी एखाद्या ग्राहकाचा फोन येतो की लॉगिनच होत नाहीये. टीममधली नवी पोरं पहिल्यांदा काय म्हणतात? "सर, आपल्या बाजूने तर सगळं ग्रीन आहे. त्यांचं नेटवर्क असेल."

गोंगाट असेल मॅडम.

मी रागावत नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? फक्त आमच्या टीमला एक नियम लावून दिलाय. रोज सकाळी एकाने, पाळीपाळीने, आपला फोन काढायचा, ऑफिसचं वायफाय बंद करायचं, आणि एखाद्या ग्राहकासारखं आपलंच ॲप उघडून लॉगिन करून बघायचं. किती सेकंद लागले ते एका वहीत लिहायचं. हो, वहीत. पेनाने. पोरं हसतात. "सर, ऑटोमेट करू ना हे, स्क्रिप्ट लिहितो मी."

लिही म्हणतो. स्क्रिप्टही लिही. आणि उद्या सकाळी वहीत तुझी पाळी आहे.